सरांच्या खांद्यावरचं जू

दहावीला सहसंयुज बंध शिकवायचा दिवस आला की भानुदास सर खांद्यावर जू घेऊन शाळेत यायचे. खरंखुरं, बाभळीचं, बैलांच्या मानांनी गुळगुळीत झालेलं. पालीजवळच्या त्या शाळेत मी नवीनच रुजू झाले होते. हे ध्यान फाटकातून येताना पाहून मी कपाळावर हात मारला. म्हटलं, हे विज्ञान शिकवणार की पेरणी करणार?

जू दोन मुलांच्या खांद्यांवर ठेवून सर सुरू व्हायचे. "ह्याच्याकडं एक बैल, त्याच्याकडं एक बैल. एका बैलानं नांगर चालतो का? न्हाई! मंग दोघं सावड करतेत. जोडी दोघांची. क्लोरीनचा अणूबी असाच. त्याला एक इलेक्ट्रॉन कमी पडतो, म्हणून शेजाऱ्यासंगं जोडी लावतो. फरक एवढाच, माणसाची जोडी आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. अणूंची जोडी एकाच येळी दोघांची."

मग धातू. "तिथं इर्जिक असती बघा. सगळ्या गावानं आपापली जनावरं सोडून एकाच रानात आणायची. कोणता बैल कुणाचा, इचारायचं न्हाई." तांब्याच्या तारेवर हातोडी मारली की ती चपटी व्हायची. खडीसाखरेवर मारली की ठिकऱ्या. "साखरेचे रेणू आपल्या घरात लई घट्ट, शेजाऱ्याला मातर जेमतेम धरून. म्हणून फुटली." त्या ठिकऱ्या सगळा वर्ग खायचा. एवढा भाग मात्र मला पहिल्या दिवसापासून पटला.

त्याच वर्षी पोळा बघायला मी गावात थांबले. जोड्या वाजतगाजत निघाल्या. सगळ्यात पुढे सर, एकाच बैलाची वेसण धरून. सगळ्यात मागे त्यांचा धाकटा भाऊ अंकुश, तोही एकच बैल घेऊन. शेजारी उभ्या असलेल्या मावशींनी सांगितलं, "वाटणीत जोडी फोडली की हो. जू थोरल्याकडं, नांगर धाकट्याकडं. दोघंबी ट्रॅक्टर लावतेत, पर एकमेकाला बैल मागत न्हाईत आन् आपला इकतबी न्हाईत. बोलणं तर कवाच बंद हाय." शिंगांना बेगड लावलेले ते दोन एकटे बैल मिरवणुकीच्या दोन टोकांना चालत राहिले.

पुढे मी हौसेने चार रंगांत बंधांचा तक्ता केला. सरांनी तो शिक्षक खोलीत नीट न्याहाळला. "तक्ता झकास हाय, बाई. पर ह्यात कुणाला कुणाची गरज हाय, ते दिसत न्हाई."

रात्र रात्र जागून केलेला तक्ता! माझं डोकंच फिरलं. "ते तुमच्या गोठ्यात तरी दिसतं का सर? सख्ख्या भावांचे एकेक बैल दावणीला उभे, आणि पोरांना सावड शिकवताय!"

बोलून गेले आणि जीभ चावली. वडिलांच्या वयाचा माणूस. सर चिडले नाहीत. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाने पुसला.

"खरं हाय," ते म्हणाले. "बंध जुळताना ऊर्जा भाईर पडती, तोडायला ती घालावी लागती. हे मीच शिकवतो. आमी तोडून बसलो बाई, त्यात लई ताकद गेली. आता त्याच्या दारात जायला पाय उचलत न्हाई."

मी माफी मागितली. "माफी कावून? चूक न्हाई तुमची," एवढंच म्हणाले आणि तासाला गेले. वर्षभर तो विषय पुन्हा निघाला नाही. मीही काढायचं धाडस केलं नाही.

पुढच्या वर्षी त्याच धड्याच्या दिवशी मी मुद्दाम दहावीच्या वर्गात मागे जाऊन बसले, माझ्या पुढच्या तासाचा तो तक्ता गुंडाळून मांडीवर घेऊन. सर आले ते रिकाम्या खांद्याने. पोरं कुजबुजली. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलंच, "सर, जू न्हाई आणलं?"

सर फळ्याकडे वळले. एकमेकांत थोडे शिरलेले दोन गोल काढले.

"रानात हाय. सकाळीच अंकुशनं जोडी जुपली."

सरांनी वळून माझ्याकडे हात केला.

"बाई, तुमचा तक्ता द्या जरा."