मामांचं ‘वापस’

इंदूरला जायचं म्हटलं की पुण्याची शुद्ध मराठी मी घरीच ठेवून निघते. नाहीतर मामा चिडवतात, “आल्या बाई, पेठेतून!” या वेळी मात्र कधी एकदा ते चिडवतात असं झालं होतं. मागच्या आठवड्यात मामीचा फोन आला होता. “तुझे मामा म्हणतायत, या शनिवार-रविवारचे कार्यक्रम ऐकतो अन् मग बंद. कान गेले म्हणतात. तू तरी येऊन समजाव गं.”

मामा आणि गाणं ऐकणं बंद? शाळेत गणित शिकवणाऱ्या या माणसाने उभ्या जन्मात गावातली मैफल चुकवली नाही. लहानपणी मला स्कूटरवर पुढे उभी करून न्यायचे, सतरंजीवर शेजारी बसवायचे आणि माझ्या गुडघ्यावर बोटाने ताल धरायचे. समेला बोट असं टेकायचं की ती जागा मी आजही दाखवू शकेन. गाणं रंगलं की मग त्यांची आरोळी उठायची, “वापस!”

वापस म्हणजे पुन्हा. आपल्या ‘परत’चे दोन अर्थ आहेत, माघारी आणि पुन्हा. इंदूरच्या मराठीने ते दोन्ही हिंदीतल्या ‘वापस’च्या गळ्यात घातले. लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच जेवणात मी सासूबाईंना म्हटलं, “थोडा भात वापस.” त्या माझ्या पानाकडे बघतच राहिल्या. “अगं, उष्टा भात वापस कसा घेऊ?” पुढे वर्षभर सगळं घर मला ‘वापस’ म्हणून हाक मारत होतं.

स्टेशनवर मामा उभे होते. मफलर, हातात पिशवी, सगळं तसंच.

“काय गं शोभे, गाडी लेट झाली का?”

“नाही मामा, अगदी वेळेवर आली.”

“होतेच लेट ती. कायमचं आहे तिचं.”

मी हसले, आणि मग लक्षात आलं, माझं उत्तर त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. बाहेर पोहे-जिलबी खाल्ली. पोहेवाल्याने जीरावन (वरून भुरभुरायचा आंबटतिखट मसाला) जरा जास्तच मारला. “भिया, थोडा कम!” मामा ओरडले (इंदुरात भैयाचा भिया होतो). ओरडणं खणखणीत होतं, तेवढंच बरं वाटलं.

त्याच सकाळी शास्त्रीय बैठक होती. गायिका मुंबईची, तरुण, गोड गळ्याची. आलाप सुरू झाला आणि कुठूनतरी बारीक शिट्टी यायला लागली. गायिका थांबली, माइकवाला धावला, तंबोरा तपासून झाला. शिट्टी मामांच्या कानातल्या यंत्राची होती. त्यांनी ते काढून खिशात टाकलं आणि सवयीने माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं. आता आम्ही खुर्च्यांवर बसतो, मी स्वतः आजी झालेय, पण बोट तेच. सम आली. बोट आलं नाही. तबलजीचा हात खाली गेलेला दिसला, तेव्हा कुठे ते टेकलं. मामा ताल ऐकत नव्हते हो, बघत होते! मला इतकं रडू आलं की पुढचं गाणं माझ्याही कानात शिरलं नाही.

ठुमरी संपली तशी मामांनी आरोळी ठोकली, “वापस! वापस!”

गायिकेचा चेहरा पांढरा पडला. तिने तंबोऱ्याला हात घातला, निघायलाच. आयोजक धावत स्टेजवर गेले. “अहो ताई, बसा! आमच्याकडचा वन्स मोअर आहे तो!” सगळा हॉल हसला, तीही हसली आणि ठुमरी पुन्हा गायली, आधीपेक्षा सुंदर.

रिक्षात मामांनी यंत्र पुन्हा कानात घातलं. मग म्हणाले, “शोभे, आज पहिल्यांदा मी ऐकू आलं नाही म्हणून वापस म्हटलं. मजा आली म्हणून नाही. बस्स झालं आता.”

मी म्हटलं, “असं नका ना बोलू.”

संध्याकाळी जुन्या इंदुरात निर्गुणी भजनं होती. गल्लीत जाजम, ढोलक, मंजिरे आणि पाच-सहा मालवी माणसं. “आवो माट्साब, बिराजो,” (या मास्तरसाहेब, बसा) म्हणत त्यांनी मामांना पुढे बसवून घेतलं. शब्द पोचले नाहीत, पण इथली भजनं मामांना पाठच. ते ओठ हलवत राहिले. “आठवणीतलंच ऐकतोय मी,” ते मला म्हणाले. निघताना वापस म्हटलं नाही.

उरलेला कार्यक्रम रविवारचा, पलासियाच्या एका कॅफेच्या गच्चीवर. कॉलेजच्या पोरांचा बँड. तिकडे जायचा हट्ट मामांचाच. “जन्मभर नावं ठेवली त्यांना. एकदा ऐकून तरी ठेवू.” आम्हाला जागा मिळाली ती नेमकी भल्यामोठ्या स्पीकरजवळ.

गिटार घेतलेली मुलगी वाकून म्हणाली, “अंकलजी, यहाँ मत बैठो, कान फट जाएँगे!”

“बेटा, फटे हुए ही हैं.”

ड्रम सुरू झाले आणि माझी खुर्ची हादरली. मी कानांत बोटं घालणार, इतक्यात गुडघ्यावर टकटक झाली. मामांचं बोट. समेवर! मी ड्रमवाल्याकडे पाहिलं, मग मामांकडे. मामांचे डोळे चक्क मिटलेले होते; ताल त्यांना हादरणाऱ्या खुर्चीतूनच पोचत होता. पुन्हा सम, पुन्हा बोट, नेमकं त्याच जागी. मी कानांकडे नेलेली बोटं खाली घेतली. कान फाटले तर फाटले.

गाणं संपलं. मामा उठून उभे राहिले, मफलर खाली पडला.

“वापस!”

इथे कुणी दचकलं नाही. सगळी गच्ची ओरडायला लागली, “भिया, वापस! वापस!” ड्रमवाल्याने काठी उंचावली. “लो अंकलजी, वापस!”

“शोभे,” मामा माझ्या कानाशी किंचाळले, “पोरं बेसुरी आहेत! पण एक मात्रा सुटली नाही बघ माझी!”

सोमवारी निघाले. प्लॅटफॉर्मवर मामा डब्याच्या दाराशी उभे राहून सांगत होते, पुढच्या महिन्यात तीच पोरं वापस येणार आहेत, मामीने जायला मनाई केलीये, पण मामीचं हल्ली ऐकू कुठे येतं! गाडी हलली. मी दारातून म्हटलं, “मामा, येते हं.”

त्यांनी कानाला हात लावला आणि चालत्या गाडीबरोबर पावलं टाकत ओरडले, “वापस!”

पुन्हा सांग म्हणाले की पुन्हा ये म्हणाले, मला कळलं नाही. मी दाराची दांडी धरून सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल अशी ओरडले, “येते, मामा! येते!”