भाऊजी आणि लांब स्ट्रोकचं इंजिन

माझे धाकटे दीर वसंतराव गिऱ्हाइकाला कधी बसा म्हणाले नाहीत. शनिवार पेठेतल्या त्यांच्या गॅरेजात दुसरी खुर्चीच नव्हती. कोणी जुनी मोटारसायकल घेऊन आला आणि "स्ट्रोक वाढवून द्या" म्हणाला, की ते मान वर न करता विचारायचे, "सामान आणलंय?" नाही म्हटलं की बोलणं संपलं.

स्ट्रोक म्हणजे पिस्टन वरखाली जातो ते अंतर. ते वाढवलं की इंजिनाचा जोर वाढतो. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण त्यांच्या गॅरेजात रॉकेलने भाग धुण्यात माझी वर्षं गेली, म्हणून एवढं कळतं. पिस्टन हलवणाऱ्या क्रँकची पिन मधल्या दांड्यापासून लांब सरकवायची. मग पिस्टन जास्त वर येतो आणि हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या झाकणावर, आदळतो, म्हणून सिलिंडरखाली जाड पट्टी घालायची. सिलिंडर उंच झाला की वाल्व उचलणाऱ्या काड्या आखूड पडतात, त्या लांब घ्यायच्या. क्रँकचा तोल नव्याने साधायचा. वाढलेल्या जोराला जुना क्लच घसरतो, तोही बदलायचा. आणि पुढच्या चाकाला मोठा ब्रेक. हे सगळं बाकड्यावर आल्याशिवाय भाऊजी एक नट सैल करत नसत.

एकदा एक साहेब हटून बसले. "ब्रेकचं नंतर बघू हो. आत्ता इंजिन तेवढं करा."

"मग इंजिनही नंतरच करू."

"अहो, गाडी माझी आहे!"

"गाडी तुमची. रस्त्यावरची माणसं तुमची नाहीत."

साहेब तणतणत गेले. भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, चहा टाका. एक जीव वाचवला."

माणूस गोड नव्हता. त्यांची बायको, माझी जाऊ सुमन, तिच्याशीसुद्धा कामापुरतं बोलायचे. देवळात जायचे नाहीत. पण सासऱ्यांनी घालून दिलेला खंडेनवमीचा नेम मात्र कडक. हत्यारं पुसून पाटावर मांडायची, कुंकू-फुलं वाहायची आणि दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत उचलायची नाहीत. त्या दिवशी दारात कोणाची गाडी बंद पडली तरी ते हात बांधून बघत राहायचे.

निखिल त्यांचा एकुलता एक मुलगा. हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करायचा. "बाबा, लोकांना करून देता, मला कधी?" असं दोन वर्षं मागे लागला होता. शेवटी त्याने सामान आणलं. मोठ्या ब्रेकचं चाक तेवढं यायचं होतं. दसऱ्याला गाडी हवी म्हणून भाऊजींनी सामान पुरं नसताना इंजिन उघडलं. मी टोकलं, तर म्हणाले, "चाक येतंय हो. घरचीच गाडी आहे."

इंजिन झकास झालं. चाक आलं ते नवमीच्या दुपारी, पूजा झाल्यावर.

"अर्ध्या तासाचं काम आहे, बसवून टाका," मी म्हटलं.

"पूजेतलं उचलायचं नाही, वहिनी. परवा बसवतो."

दसऱ्याला गाडीला हार घातला. निखिल म्हणाला, "वारज्याला मामाकडे सोनं देऊन येतो. लगेच आलो."

भाऊजींनी जुन्या ब्रेककडे बघितलं. तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला ते नाहीच म्हणाले असते. ते म्हणाले, "सावकाश जा. नवा जोर आहे."

वारज्याच्या उतारावर पुढचा टेम्पो थांबला. निखिलची गाडी थांबली नाही. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

चौकीतला हवालदार चांगला होता. म्हणाला, "काका, टेम्पोवाल्याने एकदम ब्रेक मारला, असं लिहू या."

भाऊजी म्हणाले, "त्याला ब्रेक होता, त्याने मारला. आमच्या गाडीला पुरेसा नव्हता, ते लिहा."

भेटायला येणारे देवाची मर्जी म्हणायचे. भाऊजी म्हणायचे, "देवाने नाही, मी किल्ली दिली." लोक उठून जायचे.

तेराव्यानंतर सुमन त्यांना एवढंच बोलली. "हत्यारांना हात लावला नाहीत. चांगलं केलंत." त्यानंतर तिचं बोलणं बंद. एका घरात राहून त्यांच्या जेवणाचं ताट ती माझ्या हाती पाठवायची. मी मध्ये पडले नाही. पडून काय सांगणार होते?

भाऊजींनी गॅरेज बंद केलं नाही. बाजारातून नवी हत्यारं आणली आणि पंक्चर, ऑइल अशी बारीक कामं करत राहिले. इंजिन पुन्हा उघडलं नाही. पाट कोपऱ्यात होता तसाच राहिला. त्याला कोणी शिवलं नाही.

यंदा उन्हाळ्यात ते छातीच्या दुखण्याने गेले. महिन्याभराने सुमन पहिल्यांदा गॅरेजात उतरली. सोबत भंगारवाला होता. पाटावरच्या फुलांचा काळा भुगा झाला होता, कुंकू तेलात चिकटून बसलं होतं. तिने पाने, पकडी, हातोड्या एकेक करून त्याच्या पोत्यात टाकायला सुरुवात केली.

भंगारवाल्याने एक पाना उजेडात धरून बघितला. "काकू, चांगला माल आहे. भंगारात कशाला घालता? कोणी वापरेल."

"पूजेतला आहे," सुमन म्हणाली. "वापरायचा नसतो."

आणि तिने पोत्याचं तोंड आणखी रुंद करून धरलं.