फीत कापण्याआधीचे पाच महिने

बुद्धभूषण गांगुर्डे आमच्या नाशिकच्या तंत्रनिकेतनात संगणक प्रयोगशाळेचा सहायक होता. त्याचे वडील कोंडाजी यांनी ओझरच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षे विमानांच्या पंखांना रिव्हेट ठोकले. विमानात मात्र ते एकदाही बसले नाहीत. २००३ साली मधुमेहाने त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले. नजर फार तर सहा महिने टिकेल, असे डॉक्टरांनी सांगितले. तेवढ्या अवधीत वडिलांना वैमानिकाच्या जागेवरून गंगापूर धरण दाखवायचे, एवढेच भूषणने मनाशी धरले.

त्याने घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स आणि विमान उडवण्याचा आभास देणारा, मोफत मिळणारा फ्लाइट सिम्युलेटर बसवला. पण ग्राफिक्स कार्ड नव्हते. सारे चित्र प्रोसेसरलाच रेखाटावे लागे आणि सेकंदाला जेमतेम चार चित्रे उमटत.

“हिसके लय बसतात रे. इमान हाय का बैलगाडी?” कोंडाजी म्हणाले.

भूषणने ढग वगळले, डोंगरांचे बारकावे वगळले, चित्राची चौकट पोस्टकार्डाएवढी केली. विमान सुरळीत उडू लागले.

“आता बघा, बाबा.”

“चाललं आसंल. मला दिसत नाय.”

चित्र मोठे केले की अडखळे. लहान केले की वडिलांना दिसेना. चांगले कार्ड असलेला संगणक आमच्या संस्थेत सप्टेंबरातच आला होता, पण नव्या प्रयोगशाळेत खोक्यात बंद होता. उद्घाटन व्हायचे होते.

“गांगुर्डे, पाहुण्यांनी फीत कापल्याशिवाय खोके उघडायचे नाही,” प्राचार्य म्हणाले. “फोटोत काय फाटके खोके दाखवू?”

पाहुण्यांची तारीख मिळेना. मी प्रयोगशाळेचा प्रमुख; भूषणच्या वतीने तीन विनंतिअर्ज लिहिले. त्या खोलीची किल्ली माझ्याच खिशात होती, आणि मी अर्ज लिहीत बसलो. याची तक्रार आता कोणाकडे करावी?

फेब्रुवारीत फीत कापली गेली. पाहुणे अकरा मिनिटे थांबले. दुसऱ्या दिवशी भूषणने नव्या संगणकावर तोच सिम्युलेटर आणि कार्ड चालवणारा ड्रायव्हर बसवला आणि सेकंदाला साठ चित्रे धावू लागली. धरणाचे पाणी पडदाभर पसरले.

कोंडाजींना मी हाताला धरून खुर्चीवर बसवले. ते पडद्याच्या वीतभर डावीकडे, कोऱ्या भिंतीकडे पाहत राहिले.

“लावलं का रे, भूषण?”



“नाही, बाबा. अजून जमत नाहीये.”

“मग लाव सावकाश. मला कुठं जायाचंय.”