पहिल्या नंबरचा पास

सावरगडच्या नगरपालिकेला गावात कोणी नगरपालिका म्हणत नसे. कमेटी म्हणत. आणि कमेटी म्हणजे हेडक्लार्क हरिहरपंत वऱ्हाडपांडे, असं निदान हरिहरपंतांचं स्वतःचं मत होतं. अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या सडकेवरचं हे एवढंसं गाव. दोन जिनिंग, एक हायस्कूल आणि बुधवारचा बाजार, झालं. पण आपण एक दिवस जरी अंथरुणाला खिळलो तर इथले कंदील पेटणार नाहीत, नाल्या तुंबतील आणि लोक रस्त्यावर येतील, अशी पंतांची श्रद्धा होती. बावीस वर्षांत त्यांनी रजा म्हणून काढली नव्हती. पोरीच्या लग्नात मंगलाष्टकं आटोपली तसे हे डोक्यावरच्या अक्षता झटकत कचेरीत जाऊन आले, कारण टपालाची वेळ झाली होती. आता बोला.

कोणाला गाण्याचं वेड असतं, कोणाला पत्त्यांचं. पंतांना याद्यांचं होतं. कचेरीत याद्या, घरात याद्या, सैपाकघराच्या दारामागे आंघोळीच्या नंबरांची यादी. आणि प्रत्येक यादीत पहिला नंबर कोणाचा, हे विचारायचं काम नाही. ताराबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "मी मेली तर आधी खांदेकऱ्यांची यादी कराल न् मग रडाल." पंतांना यात थट्टा दिसत नसे. खांदेकऱ्यांची यादी नको तर काय करायचं मग?

अशा माणसाच्या आयुष्यात अठ्ठावन्न सालचा आषाढ आला आणि गावात कॉलरा शिरला. तेलीपुऱ्यात रविवारी दोन माणसं गेली. सोमवारी अमरावतीहून साहेबांचा हुकूम आला. बुधवार सकाळपासून आठ दिवस गाव बंद. बाजार भरवायचा नाही. बाजारातल्या मोठ्या विहिरीचं पाणी दूषित आहे, तिला कोणी पोहरा लावायचा नाही. एका पुऱ्यातून दुसऱ्या पुऱ्यात फक्त अत्यंत गरजेच्या माणसांनी जावं, बाकी सगळ्यांनी घरी बसावं. हुकमासोबत शिक्का मारलेले चाळीस पिवळे पास होते. नाक्यानाक्यावर बाहेरगावचे शिपाई येणार होते आणि पिवळ्या पासाशिवाय ते कोणालाही सोडणार नव्हते. गरजेचे कोण, ते कमेटीने ठरवायचं.

म्हणजे पंतांनी. अध्यक्ष वामनराव वकिलांनी हुकूम वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बडेबाबू, हे तुमचं खातं." पंतांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गावात गरजेचा कोण आणि बिनगरजेचा कोण, याची यादी! असली यादी करायला मिळावी म्हणूनच तर आपला जन्म झाला, असं त्यांना वाटून गेलं.

मंगळवारी ते टाक घेऊन बसले. पास नंबर एक, हरिहर वऱ्हाडपांडे. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. दोन नंबरला अध्यक्ष. त्यानंतर मात्र सगळा गाव दारात येऊन उभा राहिला. आठ दिवस बंद राहायचं म्हटल्यावर प्रत्येक जण एकाएकी गरजेचा झाला. मेंबर जानरावांना आपले चार गडी गरजेचे वाटत होते, कारण म्हशी. वामनरावांना त्यांचा न्हावी गरजेचा होता, कारण दाढी वाढली की त्यांना कायदा सुचत नसे. एक भजनी मंडळ आलं. एक जण सासऱ्याला भेटायचं आहे म्हणून आला, तर दुसरा सासरा येऊन राहिलाय, त्याला पोचवायचं आहे म्हणून आला. पंतांनी सगळ्यांना झापलं आणि निम्म्यांना पास दिले. दवाखान्याचे दोघे, विहिरीत लाल औषध टाकणारे तिघे, सफाईच्या बारा बाया-माणसं, ज्युनियर क्लार्क उद्धव, असे खरे गरजेचेही त्यात होते, नाही असं नाही. पण ते लिहिताना पंतांचा टाक जरा घाईत होता. संध्याकाळपर्यंत चाळीसही पास संपले.

मग त्यांनी हुकमाची नक्कल कचेरीच्या फळ्यावर डकवली, खाली लाल शाईने लिहिलं, "दवंडी द्यावी", आणि रजिस्टर ओढून त्यात तारीख टाकून लिहिलं, "दवंडी दिली." दोन्ही वाक्यं ते एका दमात लिहीत. बावीस वर्षांची सवय होती. काम सांगितलं म्हणजे झालंच, मग पुन्हा रजिस्टर कशाला काढा?

बुधवारी सकाळी नऊला पंत छातीवरच्या खिशात पिवळा पास ठेवून निघाले. नाक्यावरच्या शिपायाने तो उलटासुलटा करून पाहिला. पंतांना फार बरं वाटलं. आणि पुढे वळतात तर काय, बाजार भरलेला. शिपाई नाक्यावर उभे राहायच्या आधीच, पहाटे, आसपासच्या वीस गावच्या बैलगाड्या येऊन सुटल्या होत्या. मिरच्यांचे ढीग, बांगड्यांची दुकानं, बकऱ्या, सगळं जिथल्या तिथे. मोठ्या विहिरीवर अजून गर्दी नव्हती, पण ऊन चढलं की सगळा बाजार तिथेच पाणी प्यायचा, आणि जाताना घरच्यांसाठी घागर भरून गाडीत ठेवायचा.

वामनराव कचेरीच्या पायरीवर उभे होते. दाढी गुळगुळीत होती, चेहरा मात्र उतरलेला. "बडेबाबू, गाव बंद आहे की जत्रा आहे?"

"कागद लावला आहे, साहेब. दवंडी दिली आहे."

"कोणी दिली?"

पंतांनी रजिस्टर पुढे केलं. उद्धवने खाली मान घालून सांगितलं, "बडेबाबू, डोमाजीनं दवंडी सोडून पावणेदोन वर्षं झाली. तवापासून गावात दवंडीच झाली नाही."

आता पंतांना आठवलं. छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा घेऊन डोमाजी आला, त्यानंतर चारच दिवसांत तो कचेरीत येऊन गेला होता. टेबलावर डफ ठेवून म्हणाला होता, "बडेबाबू, हे काम आता आमी नाही करत. ज्याले पाह्यजेन त्यानं वाजवावं." पंत तेव्हा कंदिलांची यादी करत होते. मान वर न करता "बरं बरं, ठेव तिकडे" म्हणाले होते. डफ अजून कपाटावर धूळ खात होता. आणि पावणेदोन वर्षं रजिस्टरात दवंडी बिनचूक होत होती. घरपट्टीची झाली, देवी टोचण्याची झाली, पिसाळलेल्या कुत्र्याची झाली. गावाला पत्ता नाही. पंत मात्र लोकांना शिव्या घालायचे की मेले एक दवंडी ऐकत नाहीत.

आता यादी करत बसायला वेळ नव्हता. मेंबर न् शिपाई ओरडून दमले, पण बाजाराच्या गलक्यात शंभर पावलांवर ऐकू जाईना. सगळ्या गावाला पोचेल असा गळा एकच होता. पंत डोक्यावरची टोपी सावरत डोमाजीच्या वस्तीकडे जवळजवळ पळतच निघाले. दोन तासांत विहिरीवर गर्दी होणार होती आणि तिथून पुढे जे होईल ते त्यांच्या त्या सुबक "दवंडी दिली"च्या खाती जमा होणार होतं. ते त्यांना चांगलं कळत होतं.

घर सारवलेलं, दारात भागीरथा, डोमाजीची बायको, तांदूळ निवडत बसली होती. पंतांनी धापा टाकत सवयीने हाक मारली, "डोम्या आहे का घरात?"

भागीरथाने सुपातून नजर काढली नाही. "डोम्या इथं कोनी राहत नाही, बडेबाबू. डोमाजीले पाह्यजेन तर बसा."

पंत बसले. डोमाजी बाहेर आला. जिनिंगमध्ये कामाला होता, हंगाम नसल्याने घरी होता. पंतांनी सगळं सांगितलं, चुकलं तेही सांगितलं, रजिस्टराचं सोडून. डोमाजीने शांतपणे ऐकून घेतलं.

"डफ वाजवनार नाही," तो म्हणाला.

"अरे, माणसं मरतील."

"मी कोठं म्हणलं मरू द्या म्हणून? सांगतो ना मी. घरोघर सांगतो, बाजारात सांगतो, घसा फाटेस्तोवर सांगतो. पन डफ घेऊन नाही. न् आमचं कामच हाये ते, असंही कोनी म्हणू नये. कमेटीचा मानूस म्हणून जातो. नाक्यावर शिपाई हाये, तो मले पास मांगन. पास द्या."

पास नव्हता. पंतांनी मनातल्या मनात चाळीसही नावं फिरवली. अध्यक्षांच्या न्हाव्याचा काढावा, तर तो आत्ता कुठल्या पुऱ्यात असेल देव जाणे. जानरावांचे गडी म्हशींमागे नदीवर. गावात विखुरलेले हे सगळे गरजेचे लोक हुडकून काढेपर्यंत दुपार झाली असती. हाताशी पास एकच होता. तो खिशातून कोपरा बाहेर काढून बसला होता आणि डोमाजी त्याच्याकडेच पाहत होता.

"पण मग मी?" पंत म्हणाले. कचेरी, टपाल, कंदील, नाल्या, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं.

"तुमी घरी बसा," डोमाजी म्हणाला. "हुकूम हाये ना तसा?"

भागीरथाने हसू लपवायला पदर तोंडाला लावला. पंतांनी खिशातलं फाउंटन पेन काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी यादीतल्या पहिल्या नंबरावर रेघ ओढली, वर डोमाजी खंडारे असं लिहिलं आणि पास पुढे केला.

पुढचं काम डोमाजीने असं केलं की गाव अजून सांगतं. कॉलऱ्यामुळे बंद पडलेल्या टुरिंग टाकीजचा पत्र्याचा कर्णा त्याने मागून आणला. तो तोंडाला लावून बाजाराच्या मधोमध एका गाडीवर चढला. "ऐका हो! कमेटीचा हुकूम हाये. मोठ्या इहिरीचं पानी जहर झालं हाये. पिऊ नका, भरू नका. बाजार उठवा न् आपापल्या गावाले जा. तेलीपुऱ्यात दोन मानसं गेली, तिसऱ्याची पाळी येऊ देऊ नका." पाऊण तासात गाड्या जुंपल्या. दुपारी विहिरीवर फक्त शिपाई होता.

आणि पंत घरी. पहिल्या दिवशी त्यांनी कपाटांच्या याद्या केल्या. दुसऱ्या दिवशी ताराबाईंच्या डब्यांच्या. तिसऱ्या दिवशी ताराबाई म्हणाल्या, "आता माझी यादी करा न् मले माहेरी पाठवा." रोज तिन्हीसांजा ते ओट्यावर येऊन पाहत. गल्लीतला कंदील पेटलेला असे. नाली वाहती असे. टपालही येत होतं म्हणे, उद्धव घेत होता. कंदील पेटलेला पाहून माणसाला आनंद व्हायला हवा, पण पंतांना चक्क वाईट वाटायचं. एक तरी नाली तुंबावी, अशी त्यांनी चोरून इच्छा केली. देवानेही ऐकलं नाही.

पाचव्या दिवशी राहवेना म्हणून ते मागच्या बोळातून निघाले. वळणावर डोमाजी कर्णा घेऊन उभा.

"बडेबाबू, पास?"

"अहो, माझाच तर तुमच्या खिशात आहे."

हे "अहो" कुठून आलं, ते पंतांनाही कळलं नाही. डोमाजीने पास काढून दाखवला. "तुमचा होता. आता नाव माह्यं हाये. चला, घरी जा." पंत मुकाट्याने घरी गेले.

नवव्या दिवशी गाव उघडलं. तेलीपुऱ्यातल्या त्या दोघांनंतर सावरगडात कॉलऱ्याने कोणी गेलं नव्हतं. पंत कचेरीत आले आणि पहिल्यांदा रजिस्टर उघडलं. आठही दिवसांच्या दवंड्या उद्धवने लिहिल्या होत्या, कोणत्या पुऱ्यात, किती वाजता, आणि प्रत्येक ओळीपुढे सावकाश गिरवलेली डोमाजीची सही होती. पंतांनी पानं मागे उलटली. छप्पनच्या दसऱ्यापासून एकेक "दवंडी दिली" शोधून काढलं आणि लाल शाईने पुढे लिहीत गेले, "दिली नाही. ह. व." असं त्र्याहत्तर वेळा लिहिलं. वामनराव म्हणाले, कशाला उकरता, कोण बघणार आहे. पंत म्हणाले, "मी बघितलंय ना." लाज वाटत होती, ती त्यांनी लपवली नाही.

तेवढ्यात डोमाजी आला आणि पिवळा पास टेबलावर ठेवला.

"राहू द्या तुमच्यापाशी," पंत म्हणाले. "आठवण म्हणून."

"आठवन घेऊन काय करू? आठ दिवसांचा होता तो. गरजेचा मानूस काय आठच दिवस असते? कमेटीत नोकरीसाठी अर्ज लिवून द्या."

पंतांनी कोरा कागद ओढला. अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. वर तारीख घातली, अध्यक्षांचं नाव घातलं, अर्जदाराच्या ओळीवर "श्री. डोमाजी" लिहिलं आणि टाक अडला. वीस वर्षं हा माणूस त्यांच्या एका लाल ओळीवर गावभर फिरला होता, आणि एवढ्या याद्यांत त्यांनी हे कधी विचारलंच नव्हतं.

"वडलांचं नाव काय तुमच्या?" पंतांनी विचारलं.

"गोंडुजी," डोमाजी म्हणाला. "तेबी इथं दवंडीच देत होते."