एका पानावरचे शेजारी

तुमच्या दारावर कुणी इंग्रजीत नोटीस चिकटवली, तर ती वाचून घ्यायला तुम्ही कुठे जाल? शेवंतामावशी आमच्या वस्तीच्या वाचनालयात नोटीस घेऊन आल्या. मी शब्दकोश उघडला.

“इव्हिक्ट म्हणजे घराबाहेर काढणे,” मी म्हणालो.

मावशींनी शब्दकोशातल्या त्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “त्याच्या खाली काय आहे रे?”

“एव्हिडन्स. पुरावा.”

“शेजार चांगला मिळालाय की मेल्याला,” असं म्हणत त्या जुनी वीजबिलं शोधायला गेल्या.

मी पानाकडे बघत राहिलो. सुरुवातीची इंग्रजी अक्षरं सारखी, एवढ्यावर हे शब्द पिढ्यानपिढ्या शेजारी राहतात. त्यांच्याकडे कुणी कागद मागत नाही. माणसांना मात्र पुरावा द्यावा लागतो, तोही परक्या भाषेत.

तुम्हाला इंग्रजी येत असेल, तर संध्याकाळी वाचनालयात या. अजून बऱ्याच दारांवरच्या नोटिसा वाचायच्या राहिल्यात.