आप्पांच्या शिव्यांचा ठेका

५ ऑगस्ट. धरणातून पाणी सोडल्याची दवंडी झाली आणि आम्ही भीमेच्या काठावरची पाण्याची मोटार वर ओढायला निघालो. बोलावण्याआधीच शेजारचे आप्पा दोर घेऊन हजर.

"आधी तुमची काढू, वैनी. माझी उंचावर हाय."

उन्हाळ्यात 'पाणी सोडा' म्हणून कचेरीसमोर बसायचं आणि पावसाळ्यात 'एवढं का सोडलं' म्हणून भांडायचं, हा आप्पांचा नेम. त्यांच्या शिव्यांना ठेका असतो, म्हणून दोराच्या पुढच्या टोकाला आम्ही त्यांनाच उभं करतो.

"मे म्हैन्यात मागितलं, तवा न्हाई दिलं!" आप्पा ओरडले, की आम्ही ओढायचं. "आता न्हाई मागितलं, तर दारात आणलं!" पुन्हा ओढायचं. हसण्यामुळे दोर सुटायची भीती, पण मोटार वर आली.

तेवढ्यात पाटबंधाऱ्याचे कारकून पुलावर पाणी बघायला आले. आप्पांनी त्यांना घसा फुटेपर्यंत सुनावलं. ते बिचारे "व्हय आप्पा" म्हणत राहिले, आणि इकडे आप्पांची मोटार पाण्याखाली गेली.

"आता शिव्या कुणाला देणार, आप्पा?" मी विचारलं.

"सरकारलाच! माणसाला इतकं बोलायला लावायचं म्हंजी काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं. मोटार गाळात रुतलेली आणि आप्पांचा आवाज पार बसलेला. ठेक्याशिवाय कुणाचा जोर लागेना. मग मी पदर खोचला, दोराच्या पुढच्या टोकाला गेले आणि सरकारला पहिली शिवी हासडली.