सहलीला न गेलेल्या ताईबाई

शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात दूध सोसायटीची निवडणूक म्हणजे घरच्या लग्नापेक्षा मोठं कार्य. यंदा निकाल लागला आणि भिकन आबांचे पाच संचालक आले, लोटन नानांचे पाच आले. अकराव्या आमच्या शेजारीण ताईबाई, ज्यांचं पॅनल कोणतंच नाही. नाल्यापलीकडच्या आमच्या वस्तीने त्यांना एकाच कामासाठी निवडून दिलं होतं. दूध संकलन केंद्र वस्तीवर आणायचं. गेल्या पावसाळ्यात दुधाची कॅन घेऊन नाला ओलांडताना वस्तीतली कोकिळा वाहून जाता जाता वाचली होती.

चेअरमन निवडेपर्यंत संचालकांना सहलीला न्यायची आमच्याकडे रीत आहे. कोंडून ठेवलं असं म्हणायचं नाही, सहल म्हणायचं. आबांची माणसं सापुताऱ्याला निघाली, नानांची ओंकारेश्वरला, आणि दोन्ही गाड्या एकाच सकाळी ताईबाईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एकीत बसल्या की त्या कायमच्या त्या घरच्या झाल्या, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. खिशात गेलेल्या माणसाला मग कोण विचारतो?

ताईबाईंनी दोन्हीकडच्यांना चहा पाजला. नाही कोणालाच म्हटलं नाही.

"मन्ही म्हैस दुसराना हातले दूध देस नही," त्या म्हणाल्या. "तिले बी संगे लई चला."

नानांनी खरंच म्हशीसाठी टेम्पो पाठवला. मग आबांनी त्याहून मोठा पाठवला. म्हशीने दोन्हींकडे एकदा पाहिलं आणि बसकण मारली. ती उठेना, आणि दुसऱ्याने पळवू नये म्हणून दोन्हीकडचे गडी दारातून हलेनात. रिकामे गडी ताईबाईंना बघवत नाहीत. त्यांनी एकाला कडबा कापायला बसवलं, दुसऱ्याला गोठ्यात धाडलं. एकाने वस्तीतल्या बायकांच्या कॅन नाल्यापार नेल्या की दुसरा कसा मागे राहील? चेअरमनच्या मतदानापर्यंत वस्तीचं सगळं दूध या दोन महासत्तांनी वाहिलं. हसून हसून माझं पोट दुखलं.

मुलगा ललित मात्र आईवर चिडला होता. आबांनी त्याला सोसायटीत नोकरीचा शब्द दिला होता. अशाने दोन्हीकडून जाशील, असं तो तिला रोज ऐकवायचा. ताईबाईंना भीती वाटत नव्हती असं नाही. त्या दिवसांत त्यांना घास गोड लागत नव्हता, हे मी पाहिलंय.

मतदानाच्या सकाळी दूध घालायच्या रांगेत, सगळ्या गावासमोर, त्यांनी केंद्राचा विषय काढला. आबांनी शब्द दिला. आबांनी दिला म्हणून नानांनी त्याहून मोठ्या आवाजात दिला.

चेअरमनसाठी ताईबाईंनी नानांच्या बाजूने हात वर केला. बाहेर गुलाल उधळायला सुरुवात झाली. लगेच व्हाइस चेअरमनची निवड होती, आणि त्यांनी तोच हात आबांच्या माणसासाठी वर केला. गुलाल उधळणारे मुठी तशाच धरून एकमेकांकडे बघत राहिले. आता एकाने शब्द फिरवला की दुसरा त्याला गावभर नागवा करायला तिथेच बसलेला.

दोघेही रुसले. ललितची नोकरी गेली ती गेलीच, आणि तो कित्येक दिवस आईशी बोलला नाही. ते त्यांना फार लागलं.

पण केंद्र दिवाळीआधी आलं. नारळ फोडायला आबा होते, नाना होते, फोटोवालाही होता. ताईबाईंना कोणीच बोलावलं नव्हतं. त्या कॅन घेऊन कोकिळेच्या मागे रांगेत उभ्या होत्या. माझं डोकंच फिरलं. मी ताईबाईंना म्हणालो, अक्का, तुम्ही हे आणलं आणि तुम्हालाच आमंत्रण नाही, ही काय रीत झाली?

"मले बलायं ऱ्हातं," ताईबाई म्हणाल्या, "ते आबाना नहीतं नानाना बाजूले उभं ऱ्हावनं पडतं."

आणि रांग हलली तशी त्यांनी कॅन पुढे सरकवली.